उसनी ऊब

जुने लष्करी उड्डाण-जॅकेट हाती आले की जाणकार संग्राहक ते आधी उलटे करतो. बाहेरच्या बाजूने फसवणूक सोपी असते, आतून अवघड. मानेपाशी शिवलेल्या पट्टीवर कंत्राटाचा क्रमांक असतो. ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा माल असेल तर ‘२२सी’ने सुरू होणारा भांडार-क्रमांक असतो. मग चेन. अमेरिकी जॅकेट असेल तर टॅलन, क्राउन की कॉनमार, हे पाहायचे. मग मनगटाची विणलेली पट्टी, शिवणीचा दोरा, खिशाच्या कोपऱ्यावरचे टाके. हे सगळे जुळले की मग तो एक असा प्रश्न विचारतो ज्याचा चामड्याशी काहीच संबंध नसतो: नाव आहे का?

अस्तरावर शाईने लिहिलेले एखादे आडनाव, पुसट झालेला सैनिक-क्रमांक. ते सापडले की जॅकेटचा भाव बदलतो, आणि नावामागे कहाणी असेल तर आणखी बदलतो. पदकांच्या बाजारात तर लढाईत मेलेल्याचे पदक घरी परतलेल्याच्या पदकापेक्षा महाग जाते, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणजे वस्तू तीच, धातू तोच, फरक फक्त एवढाच की ती वापरणारा जिवंत राहिला नाही. हा फरक नेमका कशात असतो? चामड्यात तो दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाही. तरी त्यासाठी माणसे पैसे मोजतात. ही मंडळी बहुतेक वेळा स्वतःला धार्मिक म्हणवत नाहीत, पण त्यांचा हा शेवटचा प्रश्न मात्र सरळसरळ धर्माच्या प्रांतातला आहे.

आधी थंडीबद्दल थोडे, कारण ती नसती तर यातले काहीच शिवले गेले नसते. पहिल्या महायुद्धातली विमाने उघडी होती. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत होता. एकदा इंजिनाची दुरुस्ती करताना अचानक उड्डाणाचा हुकूम आला आणि तो तेला-ग्रीसने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच वर गेला. खाली उतरल्यावर बाकीचे गारठलेले आणि हा ठणठणीत. तेलाने कापडाची छिद्रे बुजली होती, वारा आत शिरत नव्हता. कॉटनने त्यावरून एक अंगभर पोशाख बेतला: आत फर, मध्ये हवाबंद रेशीम, बाहेर घट्ट विणीचे कापड. लंडनच्या एका दुकानाने तो शिवला आणि ‘सिडकॉट’ या नावाने पुढची कित्येक दशके वैमानिक तो घालत राहिले.

दुसरे नाव लेस्ली अर्विन. हा अमेरिकी कसरतपटू. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायोतल्या मॅकुक फील्डवर त्याने विमानातून उडी मारली, मोकळा खाली येत राहिला आणि मग स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली. जमिनीवर आदळताना त्याचा घोटा मोडला, पण अशी उडी मारून माणूस जगतो हे सिद्ध झाले. १९२६मध्ये त्याने इंग्लंडमध्ये लेचवर्थला हवाई छत्र्यांचा कारखाना काढला आणि पुढच्या दशकात त्याच नावाचे मेंढीच्या कातड्याचे जॅकेट आले: कातडे बाहेर, लोकर आत. आज संग्राहकांच्या दुनियेत ‘अर्विन’ एवढे म्हटले तरी पुरते. युद्धाच्या आधीची अर्विन मोठ्या अखंड तुकड्यांची असतात. पुढे कातडे वाया जाऊ नये म्हणून लहान लहान तुकडे जोडून ती शिवली जाऊ लागली. कपड्याच्या शिवणी मोजून टंचाईचा काळ ओळखता येतो.

पंचवीस हजार फुटांवर हिवाळ्यात उणे चाळीस, उणे पन्नास अंश सेल्सियस ही नेहमीची गोष्ट होती. अमेरिकी बी-१७ बाँबरमध्ये कमरेच्या पातळीवरचे तोफची सुरुवातीच्या काळात उघड्या खिडकीशी उभे असत. ब्रिटिश लँकेस्टरच्या शेपटीतला तोफची तर रात्री शत्रूचे विमान नीट दिसावे म्हणून समोरची पारदर्शक काचच काढून टाकत असे. जिवाच्या भीतीने थंडी पत्करायची. हातात आधी रेशमी मोजे, त्यावर लोकरीचे किंवा विजेने तापणारे, त्यावर चामड्याचे. जनरल इलेक्ट्रिकने बनवलेला पहिला विजेचा पोशाख फिकट निळा होता, म्हणून त्याला ‘निळा ससा’ म्हणत. त्याच्या तारा एकीमागे एक जोडलेल्या होत्या. एक तार तुटली की सगळा पोशाख गार. १९४३च्या सुमारास इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकी बाँबर दलात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हिमदंशानेच जास्त माणसे जायबंदी होत होती.

एखाद्या जुन्या वळणाच्या मराठी घरात हा पोशाख आणून ठेवला तर आजी काय म्हणेल याची कल्पना करायला हरकत नाही. रेशीम सोवळ्यात चालते. लोकर चालते, धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. चामडे मात्र ओवळे. म्हणजे अर्विन जॅकेट आतून सोवळे आणि बाहेरून ओवळे, आणि मधला मेंढीचा देह दोन्हींना सामाईक. मृगाजिनावर बसून जप चालतो, चपलेला हात लागला की हात धुवायचे, आणि ते चामडे कमावणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवायचे: या व्यवस्थेत तर्क शोधणाऱ्याला तो मिळत नाही, माणसांची उतरंड तेवढी मिळते. पण त्या व्यवस्थेच्या तळाशी असलेली एक समजूत जगात जवळजवळ सगळीकडे आहे. स्पर्श वस्तूत उतरतो आणि तिथेच राहतो. विटाळाची कल्पना जिच्यावर उभी आहे, तिच्यावरच अवशेषपूजाही उभी आहे. एक स्पर्श टाळायचा, दुसरा जपायचा.

हरदित सिंग मलिक आणि मोहिंदर सिंग पुज्जी या दोघांना या पोशाखाशी वेगळ्याच तऱ्हेने झगडावे लागले. मलिक १९१७मध्ये ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. डोक्यावर पगडी होती आणि ती उतरवायची नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी पगडीवर बसेल एवढे मोठे शिरस्त्राण खास बनवून घेतले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना टोपणनावही दिले, ‘उडते भूत’ अशा अर्थाचे. पायात घुसलेल्या गोळ्या घेऊन ते १९८५पर्यंत जगले. पुज्जी दुसऱ्या महायुद्धात हरिकेन उडवत. त्यांनी शिरस्त्राणच नाकारले आणि पगडीवर हेडफोन चढवले. ज्याच्या अंगावरची एक वस्तू आधीच पवित्र आहे, त्याच्याकडे लष्करी भांडाराने आणखी एक वस्तू दिली, तेव्हा कोणी कोणासाठी जागा करायची हे त्या दोघांनी ठरवून टाकले होते.

मलिक यांच्याच काळात त्या दलात एक मुंबईकरही होता. श्रीकृष्ण वेलिंगकर. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये तो सॉपविथ डॉल्फिन उडवत असे. जून १९१८मध्ये जर्मन फळीच्या मागे पडला, जखमांनी गेला, आणि फ्रान्समधल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

अवशेषांबद्दल सर्वांत बारीक विचार बौद्धांनी करून ठेवला आहे. त्यांच्या परंपरेत तीन प्रकार सांगितले जातात: शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक, म्हणजे वापरलेल्या वस्तू, जसे चीवर आणि भिक्षापात्र, आणि उद्देशिक, म्हणजे ज्यांना बुद्धाचा कधी स्पर्श झाला नाही पण ज्या त्याच्या स्मरणार्थ केल्या आहेत, जशी मूर्ती. बुद्धाच्या अस्थींवरून आठ दावेदारांत युद्ध पेटणार होते, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे समान आठ वाटे केले आणि स्वतःसाठी काय मागितले? ज्या मडक्याने अस्थी मोजल्या ते मडके. त्याच्यावरही स्तूप उभा राहिला. अस्थींना लागलेले मडके सुद्धा पुरते, ही गोष्ट दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी समजून घेतली होती.

कॅथलिक परंपरेतही देहावशेषांनंतर संतांनी अंगावर घातलेल्या वा वापरलेल्या वस्तूंचा क्रम लागतो. देहावशेषांची ओढ कोणत्या थराला जाते हे गोव्याला चांगले ठाऊक आहे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह प्रथम दर्शनाला ठेवला गेला, तेव्हा पायाचे चुंबन घेण्याच्या निमित्ताने एका बाईने त्याच्या पायाचे बोट चावून तोडले, असे सांगितले जाते. सज्जनगडावर रामदासांची कुबडी आणि नित्याच्या वस्तू पाहायला जाणारे लोक असे काही करत नाहीत, पण काचेपलीकडच्या त्या वस्तूंकडे बघताना जे मनात येते ते फार वेगळे नसावे. संग्राहकाची भाषा वेगळी असते. तो ‘मूळ’, ‘अस्सल’, ‘पूर्वमालकी’ असे शब्द वापरतो. पण मागतो तेच: पारिभोगिक अवशेष.

फरक एका ठिकाणी पडतो, आणि तो लहान नाही. अवशेष जपणाऱ्या धर्मांनी त्यांच्याभोवती नियमही बांधले. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात कलम ११९० आहे. पवित्र अवशेष विकण्यास त्याने साफ मनाई केली आहे. या नियमामागची भीती उघड आहे. किंमत ठरली की स्पर्श मालमत्ता होतो, आणि मालमत्ता झाला की ज्याच्याकडे पैसा तो वारस. अलीकडचेच उदाहरण घ्या. १८९८मध्ये पिप्रहवा इथल्या स्तूपात एका ब्रिटिश जमीनदाराला अस्थींबरोबर ठेवलेली रत्ने सापडली. त्यातला एक हिस्सा त्याच्या वंशजांकडे राहिला आणि मे २०२५मध्ये तो हाँगकाँगला लिलावात निघाला. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला, आणि जुलैअखेर मुंबईच्या गोदरेज समूहाच्या पुढाकाराने ती रत्ने भारतात परत आली. वाद फक्त मालकी कोणाची एवढाच नव्हता. पूजेची वस्तू मुळात कोणाच्या मालकीची असू शकते का, हाही होता.

संग्राहकांच्या जगात असे एकही कलम नाही. तिथे फक्त लिलावाचा हातोडा आहे.

शिवाय संताच्या चीवराला जे वजन असते ते त्याच्या चारित्र्याचे असते. वैमानिकाच्या जॅकेटला कशाचे? ब्रिटिश बाँबर कमांडच्या सुमारे १,२५,००० वैमानिक-तोफचींपैकी ५५,५७३ मेले. एवढ्या मोठ्या प्रमाणात मरणाऱ्या, बहुतेक विशी-पंचविशीतल्या पोरांबद्दल आदर वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांनी वर नेलेले बाँब खाली कुठे पडले? जुलै १९४३च्या अखेरीस हँबुर्गवर झालेल्या हल्ल्यांत तीस हजारांहून बरीच जास्त माणसे मेली, त्यातली बहुसंख्य नागरिक. अमेरिकी चमूंना जॅकेटच्या पाठीवर विमानाचे नाव आणि चित्र रंगवून घेण्याचा छंद होता. प्रत्येक मोहिमेमागे एक पिवळा बाँब रंगवायचा. १९४३च्या अखेरीस ब्रेमेनवर पाडलेल्या एका विमानातला बाँबफेकी पकडला गेला तेव्हा त्याच्या पाठीवर ‘मर्डर इन्कॉर्पोरेटेड’ असे रंगवलेले होते. ते केवळ विमानाचे नाव होते, पोरकट विनोद. जर्मन प्रचारखात्याने तो फोटो सर्वत्र छापला: पाहा, हे स्वतःला खुनी म्हणवतात. आज पाठ रंगवलेली जॅकेटे सर्वांत महाग असतात. विनोद कोणाचा आणि खून कोणाचा, हे विचारल्याशिवाय त्यांच्यापुढे उभे राहता येत नाही. आणि विचारल्यावरही माणसे ती विकत घेतात, कारण ती सुंदर असतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

मेलेल्या सैनिकाच्या वस्तूंचे प्रत्यक्षात काय होत असे, याचा इतिहास या बाबतीत डोळे उघडतो. उड्डाणाचे कपडे सरकारी मालमत्ता होते. ब्रिटिश तळावर एखादे विमान परतले नाही की त्याच दिवशी काही माणसे खोलीत येत, सरकारी सामान वेगळे करून भांडारात पाठवत, खासगी वस्तूंची यादी करत. घरच्यांना लाज किंवा धक्का वाटेल असे काही असेल तर ते काढून टाकत. बाकीचे स्लाउजवळच्या कोलनब्रुकच्या मध्यवर्ती भांडारातून घरी जाई. अमेरिकेत हेच काम कॅन्सस सिटीतल्या लष्करी कार्यालयात चाले. तिथे शेकडो कर्मचारी आलेल्या वस्तूंवरचे रक्त धुऊन, घासून, खरवडून काढत, मगच ती पेटी आई-बापाकडे रवाना होई. एका बाजूला रक्त पुसणारे हे कारकून आणि दुसऱ्या बाजूला, पाऊण शतकानंतर, तोच डाग अस्सल आहे का हे भिंगातून पाहणारा ग्राहक. दोघेही त्या मेलेल्या पोराबद्दल आदरच बाळगून असतात, अशी शक्यता नाकारता येत नाही. पण पहिल्याने तो आदर कोणासाठी राखला हे कळते. दुसऱ्याचे सांगणे कठीण.

याहून वाईट वस्तू आहेत. ऑगस्ट १९४२ ते मे १९४३ या काळात डाखाउच्या छळछावणीत झीगमुंड राशर या डॉक्टरने जर्मन हवाई दलासाठी ‘प्रयोग’ केले: समुद्रात पडलेला वैमानिक किती वेळ जगतो? सुमारे ३०० कैदी बर्फाळ पाण्याच्या हौदात बुडवले गेले, त्यातले काही वैमानिकाचा पोशाख अंगावर चढवून. ८० ते ९० माणसे मेली. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात हे सगळे पुढे आले. १९९०मध्ये रॉबर्ट बर्गर या शल्यविशारदाने एका वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्या नोंदी विज्ञान म्हणून टाकाऊ आहेत. आता बाजारात येणारे जर्मन हवाई दलाचे फर लावलेले पोशाख. त्यांतला कुठलाही एक पोशाख डाखाउत गेला असेल असे नाही, बहुधा नाहीच. पण ज्या कातड्यात नायकाचा स्पर्श उतरतो असे मानायचे, त्यात त्या हौदाचे पाणी उतरत नाही असे मानता येईल का? स्पर्शाचा सिद्धांत सोयीपुरता वापरता येत नाही. पुण्य चिकटते म्हटले की पापही चिकटते. या बाबतीत आजीचे सोवळे निदान दोन्ही बाजूंनी चालत होते.

मग पर्याय काय? स्पर्श मुळात वस्तूत असतोच असे नाही, हे मान्य करणे. इथे जुन्या बौद्ध संवादातला राजा मिलिंद मदतीला येतो. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही जागा. त्या संवादात भिक्षू नागसेन राजाला विचारतो की तू रथात बसून आलास तर रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यातले एकही रथ नाही आणि यांच्याबाहेरही रथ नाही. ऐंशी वर्षांच्या जॅकेटला हाच प्रश्न घातला की संग्राहकांची सभा पेटते. मनगटपट्ट्या कसरीने खाल्ल्या म्हणून नव्या लावल्या. चेन तुटली, तिच्या जागी दुसऱ्या जुन्या जॅकेटची टॅलन बसवली. अस्तर बदलले. पण मग नाव अस्तरावर होते, ते गेले. आता हे जॅकेट कोणाचे?

जपानी कारखान्यांनी या प्रश्नाला एक मजेदार वळण दिले. बझ रिक्सन्स नावाची टोकियोची कंपनी (नाव १९६२च्या एका युद्धपटातल्या पात्राचे) जुन्या अमेरिकी जॅकेटांच्या प्रती करते, आणि त्या अशा करते की दोरा, चेन, विणीचा ताण सगळे मूळ कंत्राटाबरहुकूम. विल्यम गिब्सनने २००३च्या कादंबरीत आपल्या नायिकेला याच कंपनीचे एमए-१ जॅकेट दिले, काळ्या रंगाचे. कंपनी तेव्हा काळे एमए-१ करतच नव्हती. वाचक मागणी करू लागले. शेवटी कंपनीने लेखकाच्या संमतीने ते जॅकेट खरोखर काढले. लष्कराच्या पुरवठ्यात ज्याचे मूळ सापडणार नाही अशी ही प्रत, आणि लोक ती प्रेमाने वापरतात. जुन्या संग्राहकांना हा थिल्लरपणा वाटतो.

वारकऱ्याला वाटणार नाही. आळंदीहून पंढरपूरला पालखीतून जातात त्या ज्ञानेश्वरांच्या पादुका चांदीच्या आहेत. ज्ञानेश्वरांनी त्या पायात घातल्या होत्या असा कोणाचाच दावा नाही, आणि त्या अस्सल आहेत का असे विचारणारा माणूस वारीत हास्यास्पद ठरेल. त्या पादुकांचे पावित्र्य लाखो माणसे त्यांच्यामागून चालतात यातून येते. बौद्धांच्या तिसऱ्या प्रकारात त्या बसतात. संग्रहाच्या जगाला नेमका हा तिसरा प्रकार कळत नाही. तिथे प्रत ही फक्त प्रत असते, कारण वस्तूभोवती करण्यासारखे काही उरलेले नसते. चालायचे नसते, उपास नसतो, वाटा करायचा नसतो. फक्त बाळगायचे असते. आणि बाळगण्यापलीकडे काहीच करायचे नसेल तर मग वस्तूनेच सगळे वजन पेलले पाहिजे. म्हणून ते भिंग, म्हणून तो कंत्राटाचा क्रमांक.

अपरिग्रह सांगणारा माणूस इथे म्हणेल: बाळगूच नका. पण विनयपिटकातला बुद्ध कपड्यांबद्दल एवढा सरधोपट बोलत नाही. एका भिक्षूने ठिपक्यांच्या कातड्याच्या लोभाने वासरू मारवून घेतले, तेव्हा बुद्धाने कातड्यांवर बंदी घातली. पुढे अवंतीहून, म्हणजे उज्जैनच्या मुलखातून, सोण कुटिकण्ण हा भिक्षू आपले गुरू महाकात्यायन यांचा निरोप घेऊन आला की आमच्याकडे अंथरायला-पांघरायला मेंढीचे, शेळीचे, हरणाचे कातडेच वापरतात. बुद्धाने सीमेवरच्या प्रदेशांसाठी परवानगी दिली. मेंढीच्या कातड्याला परवानगी आहे, तीही तपशिलासह. म्हणजे तत्त्व कातड्याविषयी नव्हते. कातड्यासाठी काय करावे लागते, याविषयी होते.

चीवराचा नियम तर या सगळ्या छंदाच्या नेमका उलट आहे. भिक्षूने उकिरड्यावरचे, स्मशानातले टाकलेले कापड उचलावे. मेलेल्याच्या अंगावरचे सुद्धा. इथपर्यंत तोही संग्राहकच. मग ते कापून तुकडे करावेत आणि तुकडे जोडून शिवावे. मगधातल्या भाताच्या खाचरांकडे बोट दाखवून बुद्धाने आनंदाला तसे चीवर बेतता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते बेतले. तुकडे करण्यामागे हिशेब होता. कापलेले कापड बाजारात विकले जात नाही, चोरही त्याला हात लावत नाहीत. किंमत मारण्यासाठी कात्री. खेड्यात आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होते तेव्हा नकळत हेच होते: ती विकता येत नाही, आणि तिच्यात निजणाऱ्याला आईचे नाव शोधायला अस्तर उलटावे लागत नाही.

भिक्षू मेला तर त्याचे चीवर आणि पात्र कोणाचे? विनयात याचेही उत्तर आहे. मालक संघ, पण आजारपणात ज्यांनी त्याची सेवा केली त्यांना ते द्यावे. कुळ नाही, क्रम नाही, पैसा तर नाहीच. ज्याने शेवटी सेवा केली तो.

हा नियम वैमानिकांच्या कपड्यांना लावून पाहिला तर वारसांची यादी विचित्र होते. इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात नव्याने घडवत असे. कॉकपिटमध्ये आग लागली त्या काही सेकंदांत ज्याने हातमोजे आणि गॉगल काढून ठेवलेले असत, त्याचे हात आणि पापण्या जळत. ज्याने ठेवलेले नसत त्याचे वाचत. १९४१मध्ये या रुग्णांनी ‘गिनीपिग क्लब’ काढला; त्याचे सभासद साडेसहाशेच्या आसपास झाले. त्यांच्या मोज्यांवर विनयाप्रमाणे हक्क कोणाचा? वॉर्डातल्या परिचारिकांचा. मग लेचवर्थच्या कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाया, विमान निघण्याआधी विजेचा पोशाख तपासणारा तळावरचा कामगार, रेशमी छत्री घडी करणारी मुलगी. यांच्यापैकी कोणाचेच नाव अस्तरावर नसते.

आजच्या बाजारात कात्री अजून आहे, पण तिचे काम पालटले आहे. फार फाटलेले, कोरडे पडून भेगाळलेले जॅकेट ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून विकले जाते. त्याची चेन काढून दुसऱ्याला लावतात, चांगल्या राहिलेल्या तुकड्यांनी तिसऱ्याची बाही दुरुस्त करतात, कॉलर चौथ्याकडे जाते. कुठल्यातरी दोन-तीन अनामिक वैमानिकांची कातडी अशा रीतीने एका नाव असलेल्या जॅकेटमध्ये एकत्र शिवली जातात आणि त्याचा भाव वाढतो. काही विक्रेते ही दुरुस्ती प्रामाणिकपणे नोंदवतात, कोणते तुकडे नंतरचे ते सांगतात. बरेच जण सांगत नाहीत, आणि टाके चांगले असतील तर ओळखणारेही थोडेच असतात.